सात नंबरची गवसणी

तंबोऱ्याच्या गवसण्या तुम्ही पाहिल्या असतील. कोपऱ्यात, अंग झाकून, मोठ्या अदबीनं उभ्या असतात. त्यांच्याच कापडातली मी. पण माझ्या वाट्याला तंबोरा आला नाही. तुमच्याशी बोलतेय ती एका लोखंडाची गवसणी आहे. गोल्फ खेळायच्या काठीची, त्यातही सात नंबरच्या काठीची.

हसलात तरी चालेल. भिंगारात माझ्यावर पुष्कळ हसून झालंय.

मला शिवलं इंदूनं. इंदू पारनेरची, गायनमास्तरांची मुलगी. वडिलांच्या तंबोऱ्याला तिनंच लाल जाड कापडाची गवसणी शिवली होती. लग्न होऊन निघताना उरलेला तुकडा तिनं ट्रंकेच्या तळाशी घातला. त्याचं काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. माहेराहून निघताना माणूस असं काहीतरी उचलतंच. तो तुकडा म्हणजे मी. शालू आणि डांबराच्या गोळ्या यांच्याखाली मी पारनेरहून सासरी आले.

सासर नगरला लागून भिंगारला, लष्कराच्या छावणीच्या कडेला. सासरे विष्णुपंत छावणीतल्या गोल्फ क्लबात हेडक्लार्क होते. सासूबाई मनकर्णाबाई घर सांभाळायच्या आणि घरातल्या सगळ्यांची मतंही. इंदूचा नवरा यज्ञेश्वर नगरला कचेरीत जायचा. तो स्वभावानं गरीब. संध्याकाळी बायकोशी काही बोलावं असं त्याच्या मनात यायचं, पण घर एवढंसं आणि आईचे कान एवढे तयार, की ते उद्यावर जायचं.

त्या घरात उघडं असं काही नव्हतंच. रेडिओला झालरीचं झाकण, शिलाईच्या मशीनला खोळ, माठाला विणलेली जाळी. पंतांच्या छत्रीलासुद्धा उन्हाळाभर पिशवी. पाहुणे येईपर्यंत खुर्च्यांवर चादरी, आणि पाहुणे आले की त्यांना बसायला सतरंजी. इंदू स्वतः दोन्ही खांद्यांवरून पदर गुंडाळून वावरायची. एकदा तिनं सगळ्या झाकणांवरून नजर फिरवली, मग आपल्या पदराकडं पाहिलं, आणि हसू ओठातच दाबलं. ट्रंक उघडी होती म्हणून मला दिसलं.

ते लढाईचं वर्ष. लढाई सुरू व्हायची होती, पण छावणीतून गाड्यांच्या रांगा निघायला लागल्या होत्या. नवरात्र तोंडावर आलं असताना एका दुपारी कॅप्टन शितोळे दारात उभे राहिले. उंच, उन्हानं रापलेले, वयानं यज्ञेश्वरच्या आगेमागे. खांद्याला लांब कातडी पिशवी, गोल्फच्या काठ्यांची. पलटणीला हुकूम आला होता. कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मागं सांभाळणारं कुणी नव्हतं. राहात्याकडं चुलत्यांची वाडी होती, पण चुलते काठीनं पेरू पाडतील, असं ते म्हणाले. मेसमध्ये ठेवावं तर ज्याला त्याला खेळायला मोकळं. पंतांच्या कचेरीतली पेन्सिलसुद्धा इकडची तिकडं होत नाही, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. आतलं लोखंड एकमेकांवर आपटून खणखणलं.

"पंत, आलो तर घेऊन जाईन."

पंत उठून उभे राहिले. "आलो तर म्हणू नका, साहेब. आल्यावर न्या. जसंच्या तसं परत मिळेल."

हे शब्द त्यांनी देवापुढं निरांजन ठेवावं तसे ठेवले. इंदू चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात थबकली होती. तिच्या हातातल्या कपांचासुद्धा आवाज झाला नाही.

कॅप्टन गेल्यावर मनकर्णाबाई एवढंच म्हणाल्या, "शनिवारी लोखंड घरात घेतलंत."

"घेतलेलं नाही. ठेवलेलं आहे," पंत म्हणाले.

मग त्यांनी पिशवी उघडली. दोन काठ्या लाकडी डोक्याच्या, त्यांना लोकरीच्या टोप्या. बाकीच्या सात लोखंडी, तीन नंबरापासून नऊ नंबरापर्यंत, आणि सगळ्या उघड्या. पंतांना ते बघवेना. लाकडाला टोपी आणि विलायती पोलादाला काही नाही? निघायच्या धांदलीत साहेबांचं राहून गेलं असणार, असं त्यांनी ठरवलं. लोखंडाच्या काठ्या उघड्याच असतात, त्यांना कुणी काही घालत नाही, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. एवढी वर्षं नोकरी झाली, पण पंतांच्या टेबलाजवळची खिडकी फाटकाकडं उघडायची. मैदान पाठीमागं. कुणी किती टोले मारले ते कागदावर चढवायचं काम त्यांचं. टोला कसा असतो तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा इंदू बोलली. लग्न झाल्यापासून सासऱ्यांशी आपणहून बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य असावं.

"गवसण्या शिवू का?"

पंतांचा चेहरा उजळला.

अशी मी ट्रंकेतून उजेडात आले. बाहेरून माझं लाल कापड, आतून मऊ फलालीन, मध्ये पिंजलेल्या कापसाचा पातळ थर, आणि तोंडाला नाडी. गवसणी सैल हवी, अंगाला चिकटली की तंबोरा गुदमरतो, ही वडिलांची शिकवण. इंदूनं काठीलाही तोच न्याय लावला. माझं माप चांगलं ऐसपैस घेतलं. लाल कापड एकीलाच पुरलं. बाकीच्या सहाजणी पंतांच्या जुन्या कोटातून निघाल्या. त्या माझ्या बहिणी, पण जरा कचेरीच्या वळणाच्या.

पहिल्यांदा सात नंबरच्या डोक्यावर चढवली तेव्हाचं सांगते. आधी लागला तो गारवा. विहिरीच्या तळाशी असतो तसा, आतून येणारा. मग त्याचा चेहरा कळला. आडव्या बारीक रेघा, एकीखाली एक, आणि त्यांच्या मधोमध एक जागा झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली. चेंडू पुन्हा पुन्हा तिथंच लागलेला. खालच्या कडेला दगडांचे बारीक चरे. मी तोवर फक्त शालू पाहिले होते. एवढं सोसून इतकं शांत असलेलं मी काही पाहिलं नव्हतं.

नाडी बांधताना इंदूची बांगडी त्याच्या दांडीला लागली, आणि तो वाजला. एकच स्वर. तो थांबेपर्यंत इंदूनं हात हलवला नाही. तंबोऱ्याच्या घरची मुलगी ती. तिनं मान किंचित कलती केली आणि पुटपुटली, "पंचम." मला वाटलं, माझं नशीब काही अगदीच चुकलेलं नाही.

आता हसण्याचं सांगते. घरी भांडी घासायला झुंबरबाई यायची, केडगावकडची. तोंडानं सैल, मनानं चांगली. तिनं पाहिलं की नवी सून खिडकीशी बसून गोल, टोपडीसारखं, आतून मऊ असं काहीतरी शिवते आहे, आणि सासूबाई जवळ आल्या की मांडीखाली घेते. घेत होती ती टाके वाकडे गेले म्हणून. पण झुंबरबाईनं तिसऱ्या घरची भांडी घासून होईपर्यंत सगळ्या आळीला बातमी पोचवली.

दुसऱ्या दिवशी शेजारणी ओटी भरायला आल्या. मनकर्णाबाईंनी झुंबरबाईला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय गं सांगत सुटलीस गावभर?"

"म्या काय खोटं बोलले व्हय? कुंच्या शिवत्यात सुनबाई. येक न्हाई, पार ढीग हाय. म्या म्हनलं जुळं असंल."

"अगं, काठ्यांना आहेत त्या."

झुंबरबाई आमच्याकडं बघत राहिली. सातजणी कोपऱ्यात नाड्या बांधून उभ्या. "काठ्यास्नी," ती सावकाश म्हणाली. "बरं. पाय तर जड झाले न्हाईत ना त्यांचे?"

इंदू चुलीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मनकर्णाबाईंना वाटलं, रडतेय.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. विळी, कोयता, पंतांचं पेन, मशीनची कात्री, सगळी पाटावर मांडली. पंत म्हणाले, साहेबांच्या काठ्याही मांडा. साहेब कुठल्या वाटेवर आहेत देव जाणे, त्यांच्या नावानं पूजा होऊ दे. आम्हाला उतरवून बाजूला ठेवलं. सातही लोखंडांवर पंतांनी पळीनं पाणी शिंपडलं, ओलं गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आरती झाली. 

वाहिलेलं कुंकू पुसायचं नाही, म्हणून ते तसंच ओलं असताना इंदूनं आम्हाला वर चढवलं आणि नाड्या आवळल्या.

"आता साहेब येईपर्यंत सोडायच्या नाहीत," पंत म्हणाले.

ते काही नवस बोलले नाहीत. पण घरात सगळ्यांना ते नवसासारखंच ऐकू आलं. आणि मी, माझ्या फलालिनाला ते ओलं कुंकू लागलं तशी भक्तीनं आणखी घट्ट धरून राहिले. आतल्या अंधारात तो आणि मी. मला वाटायचं, मी त्याचा आशीर्वाद सांभाळते आहे.

लढाई झाली. रेडिओची झालर त्या दिवसांत वर गेली ती खाली आलीच नाही. लढाई संपली, पेढे वाटले गेले, गाड्या परत आल्या. कॅप्टन शितोळे आले नाहीत. जखमी आहेत, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहेत, एवढं पंतांना क्लबात कळलं. जास्त कुणी सांगेना. पंत रोज संध्याकाळी कचेरीतून आले की कोट काढायच्या आधी कोपऱ्याकडं एक नजर टाकायचे. नाड्या बांधलेल्या दिसल्या की मग चपला काढायचे.

पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणा ना. विहिरींनी तळ दाखवला, झुंबरबाई भांडी राखेनं घासून नुसती पुसून ठेवायला लागली. खंडेनवमीला पंतांनी आमच्या नाड्या सोडल्या नाहीत. वरूनच कुंकू लावलं. माझ्या लाल कपाळावर ते दिसलंही नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर थंडीच्या दिवसांत क्लबाचा शिपाई सांगावा घेऊन आला, की कॅप्टनसाहेब उद्या येताहेत. पंतांनी देवापुढं साखर ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, त्या जरा झटकून, पुसून ठेव."

इंदूनं आधी मला सोडलं. एवढ्या काळानं माझ्या आत उजेड शिरला.

त्याच्या चेहऱ्यावर, नेमकं जिथं आरशासारखं गुळगुळीत होतं तिथं, एक डाग होता. कुंकवाचाच आकार, कुंकवाहून काळा. कडा खरखरीत. तसाच डाग माझ्या आत उमटलेला. इंदूनं पदराच्या टोकानं पुसलं. तो कुंकू नव्हताच. गंज होता.

तिनं राख घेतली, खोबरेल घेतलं, रॉकेलचा बोळा घेतला. दुसऱ्या काठीची नाडी सोडली, तिसरीची सोडली. सगळ्यांचं तेच. घासून घासून डाग फिका झाला, पण गेला नाही, आणि हाताला खरबरीत लागायचा तो लागतच राहिला. मला तेव्हा कळलं मी काय धरून बसले होते. तंबोऱ्याचं लाकूड झाकलं तर जपलं जातं. लोखंडाचं तसं नव्हतं. त्याला वारा हवा होता, आणि मी त्याच्या तोंडाशी ओल घेऊन बसले होते. त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नाही.

पंत आले. त्यांनी रॉकेलचा वास घेतला, इंदूच्या मांडीवरची काठी पाहिली आणि ट्रंकेवर बसले.

"मी जसंच्या तसं म्हणालो होतो," ते म्हणाले.

बराच वेळ झाला तरी ते उठले नाहीत. शेवटी मनकर्णाबाई पुढं झाल्या. त्यांना नवऱ्याचं ते बसणं सोसवेना. "चढवा परत त्या खोळी. वरून कशा नव्याकोऱ्या दिसताहेत. माणूस दवाखान्यातून येतोय, दारात बसून उकलून थोडाच बघणार आहे? घरी जाऊन बघेल तेव्हा बघेल."

पंत नको म्हणाले नाहीत. इंदूला त्याचीच धास्ती वाटली असावी. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग खाली मान घालून एकेक नाडी बांधली. माझी बांधताना तिची बोटं गार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सातजणी दारासमोर इतक्या देखण्या उभ्या होतो की मला माझीच भीती वाटली. झाकणं म्हणजे जपणं एवढंच मी आजवर समजत होते.

कॅप्टन आले ते वाळले होते. साधा सदरा, वर स्वेटर. चपला काढताना ते भिंतीला खांदा टेकून उभे राहिले, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. स्वेटरची उजवी बाही कोपराशी दुमडलेली होती. त्याखाली हात थोडासाच उरला होता, त्यावर लोकरीचा पायमोजा ओढून वर पट्टीनं बांधलेला. तो सारखा घसरत होता आणि ते डाव्या हातानं वर ओढत होते.

मनकर्णाबाईंनी एकदम पोह्यांची कढई चढवली. पंतांनी पुण्याच्या थंडीची चौकशी केली.

"इथली जास्त झोंबते," कॅप्टन म्हणाले. "पुण्याला एक लाकडी हात दिलाय. तो पेटीत आहे. मला त्याची सवय नाही, त्यालाही माझी नाही."

मग त्यांचं लक्ष आमच्याकडं गेलं. डाव्या हातानं त्यांनी माझ्या डोक्यावर थापटलं. "ह्या कुणी शिवल्या?"

"सूनबाईनं," पंत म्हणाले. 

"लोखंडाला झबली घातलेली जन्मात पहिल्यांदा बघतोय." ते हसले, पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावर घेतला आणि उठले. पंतांनी बाजूला होऊन वाट दिली. आता दोन पावलं आणि उंबरा. मग काही बोलायची गरजच उरली नसती.

इंदू आतून आली. पदर खांद्यावरून सारखा करून ती कॅप्टनच्या खांद्यावरच्या पिशवीपाशी उभी राहिली आणि तिनं माझी नाडी सोडली. मी तिच्या मुठीत आले. सात नंबर तिनं दोन्ही हातांत आडवा धरून कॅप्टनसमोर केला.

"गंजलंय," ती म्हणाली. "सगळंच. माझ्या गवसण्यांनी."

"तिचा दोष नाही, साहेब," पंतांना एकदम आवाज फुटला. "कुंकू ओलं होतं. मी लावलं होतं. खंडेनवमीला. तुमच्यासाठी म्हणून."

कॅप्टननी काठी उजेडाला नेली. अंगठ्यानं डाग चाचपला. त्या गोल डागावर त्यांचा अंगठा बरोबर बसत होता.

"माझ्यासाठी पूजा केलीत?"

पंतांनी मान हलवली आणि ती तशीच खाली ठेवली. "जसंच्या तसं देतो म्हणालो होतो."

 कॅप्टननी मोज्यातला हात थोडासा उचलून दाखवला. "मग मी तरी कुठं जसाच्या तसा आलोय, पंत?"

आत पोहे करपल्याचा वास आला. 

"चला," ते म्हणाले. "हा डाग घासून जायचा नाही. मातीनं जाईल."

घराच्या मागं तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडं मैदानाचं ओसाड टोक, जिथवर खेळ कधी येत नसे. पंत त्या मैदानावर पहिल्यांदाच आले. त्या वर्षी तिथं गवताचं पातं नव्हतं. नुसती पिवळी भुई, मुरमाचे खडे, सराटे आणि लांब दिसणारे उघडे डोंगर. मागच्या दारातून मनकर्णाबाई आल्या, भांडी टाकून झुंबरबाई आली. इंदूच्या मुठीत मी होते.

कॅप्टननी पांढरा चेंडू जमिनीवर टाकला. एकट्या डाव्या हातात सात नंबर. पंत न राहवून म्हणाले, "साहेब, दगड आहेत. कडेला लागेल."

"लागायलाच हवं, पंत. त्याचं कामच ते आहे."

पहिला फटका मातीला लागला. खडे उडाले, धुरळा झाला, चेंडू जागच्या जागी. झुंबरबाई "आगं बया" म्हणणार होती, तिनं ते गिळलं. कॅप्टनच्या कपाळावर शीर उभी राहिली. दुसऱ्या वेळी त्यांनी काठी मागं नेली ती फार सावकाश, आणि तिथं, वर, ती क्षणभर थांबली.

मग तो वाजला. तोच स्वर, पण घरात बांगडीनं काढला होता तो याची नुसती सावली होती. चेंडू वर गेला. उगाच मोठेपणा देत नाही. तो चढतच गेला, डोंगराच्या रेघेच्या वर, निळ्यात एक पांढरा ठिपका, मग ठिपकाही नाही. आम्ही सगळे वर बघत होतो. मी कापड. मला श्वास नसतो. तरी माझा श्वास अडला. मी ज्याला झाकून ठेवलं होतं, त्याच्या पोटात हे होतं. एवढा काळ माझ्या अंधारात तो एवढं आकाश धरून उभा होता.

फार लांबून टप्प असा आवाज आला.

पंतांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे असं असतं होय," ते म्हणाले. एवढी वर्षं ते हे आकड्यांत लिहीत आले होते.

इंदूचा पदर खांद्यावरून खाली आला होता. सासूबाईंनी तो पाहिला, आणि पुन्हा आकाशाकडं पाहायला लागल्या.

कॅप्टननी काठी उलटी करून बघितली. डागाच्या मध्यावर मातीनं घासून एक चकचकीत चट्टा निघाला होता. ते हसले, आणि तेवढ्यात त्यांचा मोजा गळून खाली पडला.

आता सगळ्यांनाच दुसरीकडं काहीतरी दिसायला लागलं. पंत डोंगर बघू लागले. उघडा पडलेला तो हात थंडीनं जांभळा झाला होता, टोकाशी कातडी नवी, ताणलेली, लहान मुलाच्या टाळूसारखी. इंदूनं वाकून मोजा उचलला. सराट्यांनी भरला होता. तिनं एकदोन काटे काढून पाहिले. मग तिनं मला उलटं केलं, झटकलं, पुन्हा सुलटं केलं.

"आत डाग आहे गंजाचा," ती म्हणाली. "पण मऊ आहे."

कॅप्टननी माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, लोखंडाला थंडी वाजत नाही," ते म्हणाले, "याला फार वाजते."

त्यांनी हात पुढं केला. मी त्याच्यावर गेले. ऐसपैस शिवलं होतं म्हणून बसले. पण नाडी त्यांना एका हातानं बांधता येईना. दातात धरून पाहिली, निसटली. इंदू जागीच उभी. परक्या पुरुषाचा हात, समोर सासूसासरे. तिची बोटं पुढं होऊन मागं आली.

"अगं, बघत काय राहिलीस," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बांध की."

इंदूनं गाठ मारली. आधी घट्ट, मग जरा सैल.

कॅप्टननी बाकीच्या काठ्या उघड्याच नेल्या. सात नंबर मात्र पंतांच्या घरी ठेवला, माझ्या बदली. तो आता बैठकीत खिळ्याला उघडा टांगलेला असतो, असं ऐकते. खंडेनवमीला पूजा होते. मग पंत स्वतः कोरड्या फडक्यानं कुंकू पुसतात आणि तेलाचा हात फिरवतात. मनकर्णाबाईंची त्याला हरकत नाही म्हणे.

मी राहात्याला आले. इथं पेरूची वाडी आहे, कॅप्टन ती बघतात. माझा लाल रंग विटला आहे, फलालीन जागोजाग विरलं आहे. तंबोऱ्याजवळ मी फार दिवस टिकले असते. पण इथं सकाळच्या गारठ्यात आत जे दुखतं ते हळूहळू दुखायचं थांबतं, तेव्हा मला ते कळतं. लोखंड मला कधी काही सांगत नव्हतं. हा हात सगळं सांगतो.

तेव्हा लोखंडाला गवसणी घालावी का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, नका घालू. खणखणू दे, चरे पडू देत. गवसणी घालायची तर आधी हात लावून बघा, कुठं गार पडलंय आणि कुठं ठणकतंय.

एवढंच सांगून थांबणार होते. पण आज इंदू आली आहे, यज्ञेश्वर आणि तान्हं बाळ घेऊन. बाळाच्या डोक्यावरची कुंची मी लगेच ओळखली. पंतांच्या कोटाचं कापड, माझ्याच बहिणी. झुंबरबाईनं म्हणे सगळ्या आळीला सांगितलं, "म्या आदीच म्हनलं हुतं. उशीर झाला यवडंच."

पेरूच्या झाडाखाली सतरंजी टाकली होती. कॅप्टननी बाळाला मांडीवर घेतलं. बाळाच्या हाताला माझी नाडी लागली. त्यानं ती तोंडात घालून पाहिली, मग ओढली. इंदूची गाठ सैलच असते, आणि आता दातात धरून तशीच मारायची कॅप्टनना सवय झाली आहे. मी सुटले आणि खाली मातीत पडले.

इंदू पुढं झाली, मला उचलायला. आणि थांबली. बाळानं आपला तळवा त्या उघड्या हाताच्या टोकावर ठेवला होता. दाबून पाहिलं. मग गाल टेकवला. कॅप्टन पापणीही हलवत नव्हते.

मी तिथंच पडून आहे. ऊन छान आहे, माती कोरडी आहे. मला घाई नाही. त्यांचं झालं की इंदू मला झटकून उचलेल.

तोवर कुणी मला हात लावू नका.